परिक्रमेला मामा नेण्याची शास्त्रोक्त पद्धत

राखी पौर्णिमेला माहूरगडाची परिक्रमा करायची तर प्रथम एक मामा लागतो. नसल्यास उसना आणावा. आमचे लातूरचे आहेत, निवृत्त आहेत, आणि त्यांना सगळं माहीत आहे. पुढील नियम याच जातीच्या मामांना धरून केलेले आहेत. गरीब, ऐकून घेणारे मामा कुणाला असतील तर त्यांनी हे वाचायची गरज नाही, सरळ निघावं.

नियम पहिला : रस्ता मामांना विचारू नये. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट असं गेलं की मामा म्हणतात, “शहाणा माणूस हदगाव-उमरखेडवरून धनोड्याला उतरतो.” गेल्या साली शहाण्यासारखं तिकडून नेलं, तर पैनगंगेच्या पुलापर्यंत किनवटच्या रस्त्याची आठवण काढत होते. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवावं की मागच्या सीटवरून येणाऱ्या सूचना या कीर्तन समजाव्यात.

नियम दुसरा : सामान. यात मात्र मामांचं ऐकावं, हे मी कपाळाला हात लावून लिहितो. पुण्याहून आलेल्या माझ्या पुतण्यानं दीड हजाराचा रेनकोट आणला होता. पाऊण तासात तो आतून घामानं आणि बाहेरून पावसानं सारखाच ओला झाला. मामांनी युरियाचं रिकामं पोतं घेतलं, त्याचा एक कोपरा आत खोचून खोळ केली आणि डोक्यावरून पाठीवर सोडली. दिवसभर पाठ कोरडी, हात मोकळे, खर्च शून्य. छत्रीच्या भानगडीत पडू नये. श्रावणात गडावर वारा असतो आणि झाडीत काटे असतात. खायला धपाटे घ्यावेत. दोन दिवस टिकतात, गार झाले तरी लागतात, आणि दह्यात मळलेले असले तर मामा मध्ये दहा मिनिटं तरी गप्प असतात.

नियम तिसरा मामांनी रद्द केला आहे.

नियम चौथा : पायात काय घालावं यावर वाद घालू नये. बाया अनवाणी निघून जातात आणि आपण बुटाच्या लेस बांधत बसतो. चिखल चिकटून एकेक बूट किलोभराचा होतो. चपलेचा अंगठा तुटतो. त्यातल्या त्यात मागून पट्टा असलेली प्लॅस्टिकची सँडल बरी, ओढ्यात धुतली की पुन्हा नवी. उताराला ओल्या काळ्या दगडावर टाच टेकू नये, पाय आडवा टाकावा. हे मला कुणी शिकवलं नाही, मी पडून शिकलो.

नियम पाचवा : मातृतीर्थावर भूगोल काढू नये. आम्ही तिथं पाय धुऊन निघतो. परशुरामानं बाण मारून इथं पाणी काढलं, जमदग्नीचे अंत्यसंस्कार केले, रेणुकामाता सती गेली, अशी कथा आहे. लोक इथं आईचं श्राद्ध करतात. अशा जागी पुतण्यानं विचारलं, “हा ज्वालामुखीचा तलाव आहे का?” झालं. मामा खोळ सावरून उभे राहिले. “अलबत! लोणारसारखा.”

आता खरं असं की पायाखालचा दगड तेवढा ज्वालामुखीचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यातून आपलं पठार झालं. लोणारचं विवर त्याच दगडात आहे, पण ते उल्का आदळून पडलेलं. पावणेदोन किलोमीटरहून थोडं जास्त रुंद. शंभरावर वर्षं लोक त्याला ज्वालामुखीचंच समजत होते, ठोस पुरावा छापून आला १९७३ साली. मामा मॅट्रिक झाले १९६८ ला. त्यांचं लोणार तिथंच थांबलेलं आहे. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम फोन केला होता, “बघ, खालून तापलालंय.” खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. मी हे सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नये.

नियम सहावा : अंतर विचारू नये. परिक्रमेत भेटणाऱ्या कुणालाही “किती राहिलं?” म्हटलं की उत्तर येतं, “हे काय, आलंच की.” पहाटे आलंच असतं, दुपारी आलंच असतं, तेलंगणातून आलेली मंडळी तेलुगूत हेच सांगत असावीत. एका म्हातारीनं मला “त्या झाडापासनं तिकडं” असं सांगितलं. सगळीकडे सागाचीच झाडं.

माकडांपुढे पिशवी उघडू नये. एवढंच.

तांबूल मात्र जपून आणावा. रेणुकेचा हा प्रसाद म्हणजे खलबत्त्यात कुटलेला विडा. दात असलेल्यांना चावायला काही उरत नाही आणि नसलेल्यांची सोय होते. मामांची कवळी पिशवीत असते. तांबूल खाताना ते काही बोलतात, पण समजत नाही. परिक्रमेतला हा सर्वात रम्य भाग.

खरं तर परिक्रमा आई करायची. मामा तिला सोडायला यायचे आणि ती परत येईपर्यंत खाली चहाच्या टपरीवर बसून लोकांना रस्ते सांगायचे. ती आली की तिथंच राखी बांधून घ्यायचे. आई गेल्यापासून राखीच्या दिवशी त्यांचं लातुरात चित्त लागत नाही. गुडघे चालत नाहीत, तरी पूर्ण फेरीच पाहिजे. आम्ही नियमावली करतो ती एवढ्यासाठी.

शेवटचा नियम : मागे वळून पाहू नये. परशुरामाला तेच सांगितलं होतं. आई जमिनीतून वर येईल, तोवर वळू नकोस. त्याला धीर धरवला नाही. तो वळला तेव्हा मुखच काय ते वर आलं होतं, गडावर आज तेवढंच पुजलं जातं. मामा ही कथा दरवर्षी त्याच चढाला सांगतात आणि सांगताना मागे पडतात.

यंदाही पडले. मी शंभरेक पावलं थांबलो नाही. मग आवाज येईना, म्हणून वळलो. चढाच्या कडेवर आधी युरियाच्या पोत्याचं टोक दिसलं, मग त्याखाली नुसता चेहरा, घामानं लाल झालेला, तोंड तांबूलानं भरलेलं.

“फुफं भघ!” मामा ओरडले.

पुढं बघ, असं असावं.