तात्या आणि पाच सिग्मा

नारायणगावात सल्ला मागावा लागत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर एसटीतून उतरून चहा सांगितला, की चहाच्या आधी सल्ला येतो. टोमॅटो कधी लावावेत, गुडघ्याला काय चोळावं, आळेफाट्यावरून कल्याणची गाडी कधी सुटते आणि अमेरिकेनं खरं म्हणजे काय करायला हवं होतं, सगळं. आमच्या घरात हे खातं तात्यांकडे आहे. तात्या माझे चुलते. शिक्षण जुनी अकरावी, तीही एका विषयात अडलेली. तो विषय कोणता, याबद्दल मात्र ते अजून नीट सांगत नाहीत. जगातली ही एकच गोष्ट अशी, की जिच्यावर तात्यांचं ठाम मत नाही.

पाऊस येईलसं वाटतं, असं तात्या म्हणत नाहीत. ‘बुधवारी चारला येतोय’ म्हणतात. बुधवारी चारला आला नाही, तर चुकलेला असतो पाऊस.

त्याच घरात तात्यांची नात आहे, नात्यानं माझी पुतणी. पुण्याला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. लहानपणापासून प्रत्येक पेपर देऊन आली की दप्तर कोपऱ्यात टाकून म्हणायची, ‘गेलं सगळं.’ निकालात वर्गात पहिली. त्यावर तिचं म्हणणं, ‘पेपरच सोपा असेल.’ तिचा चुलतभाऊ बारावीचा गणिताचा पेपर देऊन ‘फोडला!’ असं ओरडतच घरी आला होता. खरोखरच काहीतरी फुटलं होतं, हे निकालाच्या दिवशी कळलं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली या विषयावर रीतसर निबंध छापला. आमच्या घरी न येता त्यांना हे कसं सुचलं, देव जाणे. त्यांनी विद्यार्थ्यांची तर्क, व्याकरण आणि विनोदाची जाण यांत परीक्षा घेतली आणि वर विचारलं, तुम्ही कितव्या नंबरावर असाल? तळातल्या पाव हिश्श्यातली पोरं प्रत्यक्षात सरासरीनं शंभरातल्या बारा जणांच्या पुढे होती. त्यांनी स्वतःला धरलं होतं बासष्ट जणांच्या पुढे. वरच्या पाव हिश्श्यातल्यांनी उलट स्वतःला जरा कमीच लेखलं. कारण साधं आहे. उत्तर बरोबर यायला जी अक्कल लागते, तीच उत्तर चुकलंय हे कळायलाही लागते. विनोदाच्या परीक्षेचा भाग मी घाईघाईनं वाचला. विनोदी लिहिणाऱ्यानं तिथं फार रेंगाळू नये.

त्या निबंधाची सुरुवात एका चोरापासून होते. १९९५ मध्ये पिट्सबर्ग शहरात या गृहस्थानं तोंडाला लिंबाचा रस फासून दिवसाढवळ्या दोन बँका लुटल्या. रस लावला की कॅमेऱ्यात तोंड दिसत नाही, अशी त्याची खात्री होती. पोलिसांनी चित्रीकरण दाखवलं तेव्हा तो मनापासून चक्रावला. मी ही गोष्ट तात्यांना सांगितली. ते गंभीर झाले. जरा विचार करून म्हणाले, ‘कागदी लिंबू घेतलं नसणार त्यानं.’

पुढे काही संशोधकांनी या निष्कर्षावरच शंका काढली. आकडे ज्या पद्धतीनं मांडले, तिच्यामुळेही असं चित्र थोडंफार दिसतं, म्हणाले. पुतणीला हे कळल्यावर तिचा चेहरा उतरला. ‘म्हणजे काका, मला जे वाटतं की मी ढ आहे, ते खरंही असू शकतं.’

समर्थांनी हा विषय साडेतीनशे वर्षांपूर्वीच हाताळलाय. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणं आहेत आणि दहाव्यात पढतमूर्खाची. तात्या पहिला समास गावातल्या लोकांची नावं घेत घेत वाचतात. दहाव्याशी आले की पोथी नातीपुढे सरकवतात.

या दोन जातींची माणसं एकाच तालुक्यात किती जवळजवळ नांदतात, हे पाहायचं तर २०२३ चा उन्हाळा-पावसाळा आठवावा. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा खोडदच्या माळावर दाटीनं, बाकीच्या सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. ऊस, कांदा, द्राक्षं, मधेच एक अवाढव्य जाळीदार तबकडी, खाली चरणाऱ्या शेळ्या, असा आमचा देखावा. तारे मरताना मागे जे गरगर फिरणारे गोळे उरतात, त्यांच्या ठोक्यांचं वेळापत्रक ही दुर्बीण टिपते. त्या ठोक्यांत अगदी बारीक आणि ठरावीक तऱ्हेची गडबड दिसली, तर विश्वातून संथ गुरुत्वीय लहरी जाताहेत असं समजायचं. युरोपातल्या मंडळींची आणि इथली निरीक्षणं जोडून पंचवीसेक वर्षांची वही तयार झाली. २९ जून २०२३ रोजी जगभरच्या गटांबरोबर यांनीही जाहीर केलं, की लहरींचा पुरावा दिसतो आहे. पण शोध लागला, असं कृपया म्हणू नका! कारण खात्री तीन सिग्माची आहे. म्हणजे हे सगळं निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता हजारात एखादी. शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात; पस्तीस लाखांत एक.

हजारात एक चूक! एवढ्या खात्रीवर आमच्याकडे लोक तीन वेळा लग्न करतील.

त्याच सुमारास नारायणगावच्या टोमॅटो बाजारात काय चाललं होतं? मे महिन्यात भाव इतका कोसळला होता, की तोडणीची मजुरी सुटेना. तात्यांनी पारावर जाहीर केलं, ‘टोमॅटो संपला. आता दहा वर्षं उठत नाही.’ तार-काठी उपटून रानात रोटाव्हेटर फिरवला. जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला. तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं महिन्याभरात दीड कोट कमावल्याच्या बातम्या दिल्लीपर्यंत गेल्या. तात्या त्याच पारावर बसले होते. म्हणाले, ‘मी म्हटलंच होतं.’ काय म्हटलं होतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. ऑगस्टात नेपाळहून टोमॅटो आले, सप्टेंबरात भाव पुन्हा मातीत. तेही तात्यांनी म्हटलंच होतं.

इथपर्यंत तात्यांना हसणं सोपं आहे. पण एक सांगतो. टोमॅटोचं रोप लावल्यावर पहिला तोडा यायला दोन महिने तरी जातात. त्या दिवशी बंगळुरूकडून किती माल येईल, गारपीट होईल का, दिल्लीत कुणाला कशाची आठवण होईल, हे लावणीच्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं. ड्रिप, मल्चिंग, औषधं, मजुरी, एकरी लाखांचा खेळ. इथं जर खोडदच्या रीतीनं शंका काढत बसलं, तर जुन्नर-आंबेगावात मंचरपासून ओतूरपर्यंत नुसतं गवत उगवेल. शास्त्रज्ञ पंचवीस वर्षं थांबू शकतो, त्याचा तारा कुठं जात नाही. तात्यांना बुधवारी निर्णय हवा असतो.

आणि ज्यानं ती दुर्बीण उभारली तो माणूस तरी शंकेखोर होता का? गोविंद स्वरूप यांनी आधी उटीला डोंगराच्या उतारावरच दुर्बीण बसवली. का, तर तो उतार आणि पृथ्वीचा आस समांतर येतात म्हणून! पन्नाशी उलटल्यावर त्यांनी एवढ्या प्रचंड तबकड्या पत्र्याऐवजी तारेच्या बारीक जाळीच्या करायचं ठरवलं. दोरखंडांवर ताणलेली जाळी. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. हे ठरवायला तात्यांइतकीच छाती लागते. फरक पुढे पडतो. तबकड्या उभ्या राहिल्यावर त्यांच्यावर जे दिसलं, ते खरंच दिसलं का म्हणून ही माणसं वर्षानुवर्षं स्वतःला छळत बसली. तात्या लावतानाही ठाम असतात आणि बुडल्यावरही.

पुतणीचं नेमकं उलटं. ती निकाल तपासण्यात पटाईत, पण अर्ज भरायच्या वेळी हातपाय गाळते. पीएच.डी.च्या एका जागेचा अर्ज महिनाभर तिच्या लॅपटॉपमध्ये पडून होता. शेवटी तात्यांनीच तिला खडसावलं, ‘मी सरपंचकीला उभा राहिलो तेव्हा मला काय येत होतं?’ यातला युक्तिवाद बिनतोड आहे. तिनं अर्ज पाठवला.

पुढच्या फेब्रुवारीत विज्ञान दिनाला आम्ही तिघं खोडदला गेलो. त्या दिवसांत दुर्बीण सगळ्यांना बघायला मिळते; शाळांची पोरं, प्रयोगांचे तक्ते, जत्रेची गर्दी. एका तबकडीखाली एक तरुण शास्त्रज्ञ त्या लहरींविषयी सांगत होता.

‘नक्की हाय ना पर?’ तात्यांनी विचारलं.

‘पुरावा भक्कम होत चाललाय. पण अजून काही वर्षं निरीक्षणं लागतील.’

‘हाय का न्हाय, येवढंच सांगा.’

‘काका, तसं आज नाही सांगता येणार.’

तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘हाय. लिहून घ्या.’ शास्त्रज्ञ हसला, पण मला वाटतं, त्याला मनातून बरं वाटलं.

येताना गाडीत तात्या बराच वेळ बोलले नाहीत. ही घटना दुर्मिळ असल्यामुळे मी गाडी हळू केली. मग ते नातीकडे वळले. ‘पोरी, तू शिकलीस. औंदा टोमॅटो लावू का न्हको?’

तिनं मोबाइलवर मागच्या काही वर्षांची आवक आणि भाव काढले. कपाळाला आठी घालून बराच वेळ बघितलं. ‘तात्या, यावरून काहीच नक्की नाही सांगता येत. चढूही शकतो, पडूही शकतो. तुम्ही माझ्यावर जाऊ नका.’

‘म्हणजे न्हको असं न्हाई ना?’

‘नको असं नाही म्हणत मी.’

‘झालं तर मग,’ असं म्हणून तात्यांनी तिथूनच रोपवाटिकेला फोन लावला आणि अडीच एकराची रोपं सांगितली. पलीकडच्यानं बहुधा विचारलं असावं, यंदा भाव राहील का?

‘राहतोय की,’ तात्या म्हणाले. ‘माझी नात शास्त्रज्ञ हाय. तिला विचारूनच लावतोय.’