साधं, फ्रीजचं की माठातलं?

एप्रिल लागला की रेडिओवर डॉक्टरांची वर्दळ सुरू होते. भर दुपारी बाहेर पडू नका, डोक्याला रुमाल बांधा, तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा. आपण मान डोलावत ऐकतो. मात्र कुठलं पाणी प्यायचं, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरावर सोडलेला असतो आणि खरी वादावादी तिथेच होते. पाहुणा खुर्चीत टेकतो न टेकतो तोच आतून विचारणा येते, "साधं देऊ की फ्रीजचं?" तो बिचारा संकोचून म्हणतो, "अर्धं-अर्धं चालेल." मग चार-पाच अंशांचं पाणी आणि चौतीस अंशांचं पाणी एका पेल्यात ओतून मधलं काहीतरी घडवायचा कार्यक्रम होतो. हेच मधलं काहीतरी कोपऱ्यातल्या माठात सकाळपासून तयार असतं, पण त्याचं नाव विचारणाऱ्याच्या यादीतच नसतं.

माठाचं सगळं कर्तृत्व तो पाझरतो यात आहे. कुंभार मातीत राख, भुसा, लीद असं काहीबाही मळतो. (पाहुण्याच्या हातात पेला देताना एवढा तपशील सांगायची गरज नाही.) भट्टीत ते जळून जातं आणि भिंतीत डोळ्यांना न दिसणारी भोकं राहतात. त्यांतून पाणी बाहेरच्या अंगावर येतं, वाऱ्यावर उडतं आणि उडताना मागच्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण ५८० कॅलरी लागतात. या कॅलरी डाएटवाल्यांच्या कॅलरीपेक्षा हजारपट लहान, तेव्हा कोणी धसका घेऊ नये. तरी लिटरभर पाण्यातलं चार चमचे उडून गेलं तर उरलेलं दहा-अकरा अंशांनी उतरायला हवं, निदान कागदावर. प्रत्यक्षात भोवतालची तापलेली हवा आपली ऊब आत ढकलत असते, त्यामुळे तेवढं जमत नाही. पण चार चमच्यांत, बिलाशिवाय, आणखी किती मागायचं?

माठाला मर्यादाही आहे. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरला की पारा जिथवर उतरतो, त्याच्या खाली माठाची मजल जात नाही. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पण हवा कोरडी ठणठणीत. तिथे हे ओलं फडकं बावीस-तेवीसपर्यंत खाली येऊ शकतं. रत्नागिरीत तेहतीसच अंश असतात, पण हवाच आधी पाण्याने भरलेली. ती आणखी पाणी घेणार कुठे? तिथे सत्तावीस-अठ्ठावीसला गाडी अडते. म्हणून विदर्भातला मामा माठाचं गुणगान करतो, मुंबईचा भाचा त्यातलं पाणी पिऊन "हे तर साधंच आहे" म्हणतो, आणि जेवणाच्या पंगतीत दोघे एकमेकांना खोटं पाडत बसतात.

माठ विकत घेणं हा वेगळाच सोहळा. रस्त्याकडेला लाल-काळ्या माठांची रास असते आणि प्रत्येक गिऱ्हाईक बोटाने टकटक करून बघतं. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. तेरच्या गोरोबाकाकांनी मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणाचं मडकं कच्चं ते ओळखलं, आणि त्यात नामदेवांचा नंबर लागला, अशी कथा आहे. आपण सगळे त्याच अधिकाराने माठ वाजवतो. फरक एवढाच, की वाजवून झाल्यावर काय कळलं ते आपल्यालाही नक्की सांगता येत नाही, आणि विकणाऱ्या मावशी तोवर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेल्या असतात. काळा जास्त गार की लाल, यावर तिथेच वाद होतो. धूर कोंडून भाजला की काळा, मोकळ्या हवेत भाजला की लाल. गारव्याचं गणित रंगापेक्षा त्या भोकांवर ठरतं. माझा खरा राग आहे तो ऑइलपेंटने रंगवून वर वारली नाच काढलेल्या माठांवर. रंगाने भोकं बुजतात. दिवाणखान्यात शोभून दिसतो, पाणी मात्र दिवाणखान्याइतकंच गरम.

घरी आणल्यावर रात्रभर पाण्याने भरून ठेवावा आणि ते पाणी झाडांना घालावं. साबण लावू नये, माती तोही पिते. आतून काथ्याने नुसत्या पाण्यात घासला की झालं. बाहेर पांढरा खार धरायला लागला की भोकं बुजत आली समजावं. एखाददुसरा उन्हाळा गेला की गारवा कमी होतो, तो यामुळेच. आणि जागा! आपल्याकडे माठ हमखास ओट्याच्या कोपऱ्यात, शेगडीला खेटून. त्याला सावली हवी आणि वाराही हवा. खिडकीजवळ तिवईवर ठेवून ओलं फडकं गुंडाळलं की तो खूश असतो. पाणपोईच्या रांजणांना लाल फडकी उगाच नसतात.

पण खरी अडचण विज्ञानाची नाही, माठ भरायचा कोणी याची आहे. रात्री भरला तर सकाळी गार, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. शेवटचा पेला घेणारा माणूस मोठ्या कौशल्याने तळाशी दोन बोटं पाणी ठेवतो. म्हणजे माठ रिकामा नाही, आणि आपली पाळीही नाही. पुढच्याने ओगराळं खाली घातलं की खर्रकन आवाज येतो. त्या आवाजावर आतून "कोण आहे रे तिकडे?" अशी हाक येते आणि नेमकं ओगराळं हातात असलेला पकडला जातो. तोपर्यंत शेवटचा पेला पिणारा ढेकर देऊन गच्चीवर पोचलेला असतो.

पाऊस आला, हवा दमट झाली, की माठ रजेवर जातो. मग तो धुऊन, उन्हाची तिरीप मिळाली तर खडखडीत वाळवून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवतात. ठेवा, पण उपडा. उताणा राहिला तर पावसाचं स्वच्छ पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासिणीला बाळंतपणाला नेमकं असंच पाणी लागतं. आठवड्याने घरोघर तपासणी करणाऱ्या ताई येतात, टॉर्च मारतात, आत वळवळणाऱ्या अळ्या दाखवतात, आणि माठ कोणी ठेवला या प्रश्नावर पुन्हा घरातले सगळे एकमेकांकडे बघतात.