रा. रा. ‘पडणारच आहेत’ यांस अनावृत पत्र

रा. रा. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ यांस,
मुक्काम पोस्ट घरोघरचा सोफा.
सा. न. वि. वि.

आपण पडलात वाक्य. माणूस असतात तर पोलिसांत वर्दी दिली असती. पण वय, वर्ण, बांधा काय सांगणार? आवाज तेवढा ओळखीचा. कधी आमच्या आईच्या तोंडून, कधी शेजारच्या काकूंच्या, कधी सासरेबुवांच्या. आणि लपवून काय करू, सगळ्यांत जास्त वेळा माझ्याच. आपण मोठ्यांच्या तोंडात फुकट राहता आणि भाडं पोरांच्या तोंडातून वसूल करता. असा भाडेकरू उभ्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही.

आपली-माझी पहिली गाठ आठवते का? चिरंजीव दीड वर्षांचे होते. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारखी एक पांढरी रेघ दिसली. बायको म्हणाली, “दाखवून घेऊ या.” माझ्या तोंडून तत्काळ आपण बोललात. काय ते शब्द! पैसे, वेळ आणि रजा, तिन्ही एका दमात वाचले. ती रेघ म्हणजे किडीची पहिली पायरी, आणि तिथूनच दाताला माघारी आणता येतं, हे पुढे कळलं. रात्रीची बाटली थांबवायची, दोन वेळा ब्रश, फ्लोराइडचा लेप, झालं. पण जो दात जाणारच, त्याच्यासाठी अर्धी रजा घालवणारा मी खुळा थोडाच होतो?

मग बाटली चालूच राहिली. साखर घातलेलं दूध, आणि पोर झोपेत बूच चोखतंय. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तोंडातलं गोड रात्रभर धुतलंच जात नाही. वर्षभरात वरचे चार दात तपकिरी झाले, कडा झिजल्या. खालचे चार मात्र पांढरेशुभ्र, कारण दूध पिताना जीभ त्यांच्यावर पांघरुणासारखी असते. जिभेला जेवढी अक्कल होती, तेवढी बापाला नव्हती. बापाकडे आपण होतात.

आपली खरी करामत मात्र तो सव्वापाच वर्षांचा असताना, रात्री अडीच वाजता पाहिली. पोर उठून बसलं. रडत नव्हतं, नुसतं कण्हत होतं, आणि उजवा गाल तळहाताने धरून ठेवला होता. दिवा लावला तर गाल गुलाबजामसारखा टुमटुमीत, गरम. खालच्या दाढेशेजारी हिरडीवर पिवळट पुटकुळी. लवंगेचं तेल झालं, गार फडकं झालं. तो विचारत होता, “बाबा, हा दात आत्ता पडेल का?” आपल्याला बोलायची एवढी सुंदर संधी होती, आणि आपण गप्प! ऐन वेळी अशी दातखीळ बसलेली मी आपली प्रथमच पाहिली.

सकाळी लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. दाढेच्या दोन मुळांमध्ये, चिमट्यात धरल्यासारखी, एक अर्धवट तयार झालेली पांढुरकी टोपी दिसत होती. “हा मोठेपणीचा दात,” त्या म्हणाल्या. “अजून घडतोय. आणि हा काळा डाग दिसतोय ना, तो पू. त्याच्या डोक्यावर.”

म्हणजे आपला सिद्धांत असा, की भाडेकरू जाणारच आहे, मग त्याने घरात काय हवं ते करावं. आणि इकडे मालक तळघरात पाळण्यात निजलेला! दुधाच्या दाढेचा पू खाली झिरपला की घडत्या दाताचं वरचं आवरण नीट धरत नाही. तो पुढे डागाळलेला, खड्ड्याखड्ड्यांचा उगवू शकतो. दंतवैद्य अशा दाताला टर्नरचा दात म्हणतात. टर्नर हे इंग्रज दंतवैद्य. खरं तर नाव आपलं द्यायला हवं होतं.

मी दबकत विचारलं, “पण डॉक्टर, पडणारच आहे ना?” बाई हसल्या. रोज दहा जणांकडून आपल्याला ऐकत असणार. म्हणाल्या, “पडणार. साधारण अकराव्या वर्षी.”

पोरगं मोठ्या शिशुगटात. ही दाढ पडायची तेव्हा ते सहावीत असणार. आपल्या ‘पडणारच’मध्ये सहा वर्षं दडलेली आहेत हे आपण कधी बोलला नाहीत. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलतात, पोरं बोबडी होतात, दात कौलांवर फेकले जातात, फोटो निघतात. ते बघून आपण वीसच्या वीस दातांचा निकाल लावून मोकळे. मागच्या आठ दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत चावायला लागतात, हे फोटोत दिसत नाही ना. मांडव उद्या उतरायचाच आहे, म्हणून अंतरपाट धरलेला असताना कुणी त्याच्या दोऱ्या कापतं का?

“मग काढूनच टाकू,” मी म्हणालो. (हे आपले धाकटे बंधू. तेही माझ्याच तोंडी असतात.) बाईंनी विचारलं, “लोकलने येता ना? बाकावरचा एक जण उठला की बाकीचे काय करतात?” पसरतात. तसंच इथे. या दाढेच्या मागे सहाव्या वर्षी कायमची दाढ येते. पुढची जागा रिकामी दिसली की ती कलंडत पुढे सरकते, आणि ज्याची जागा धरून ठेवली होती तो दात वर येतो तेव्हा त्याला पाय ठेवायला फट उरत नाही. मग तो वाकडा येतो, नाहीतर आतच अडकतो. पुढे सातवी-आठवीत तारा. काढायचीच वेळ आली तर जागा राखायला तारेची कडी बसवतात. म्हणजे दाढ गेली तरी तिच्या नावाचा रुमाल बाकावर पाहिजे.

आमची दाढ वाचण्यातली होती. आधी औषधं, मग मुळं साफ, वर स्टीलची टोपी. चिरंजीव आता वर्गात सांगतात की ते निम्मे रोबोट आहेत.

आपले साथीदारही मोजून ठेवलेत. कीड या शब्दापासूनच सुरुवात. तो ऐकला की बाहेरून एखादी अळी आली असं वाटतं. आमच्या गावाकडे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडतात आणि वाटीत दाखवतात. दाखवतात ते बहुतेक बियांचेच अवशेष. दातात किडा नसतोच. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, त्याने दात विरघळतो. आणि हे जंतू बरेचदा आई-बापांच्याच उष्ट्या चमच्यातून पोराकडे जातात. बाळाच्या पहिल्या घासाला आपल्याकडे उष्टावण म्हणतात. मी तर पुढची दोन वर्षं रोज शब्दशः उष्टावण केलं. वरणभात फुंकायचा, चाखायचा, भरवायचा. प्रेमाने केलं, हे जंतूंनाही मान्य असेल.

बोरन्हाणाला आपण जातीने हजर होतात. डोक्यावरून बोरं, लाह्या, आणि हल्ली टॉफ्यांचा पाऊस. तिथे कुणी तरी हळूच म्हणालं, एवढं गोड नको, आणि आपण पुढे झालात. पण मी बोरन्हाणाला दोष देत नाही, पुरणपोळीलाही नाही. वर्षात असे चार दिवस. दात खाल्ले ते त्या सुट्ट्या पैशांऐवजी मिळालेल्या गोळीने, दुपारच्या बिस्किटाने, रिक्षात शांत बसावं म्हणून दिलेल्या टॉफीने. स्वीडनमध्ये विपेहोल्म इथे १९४०च्या दशकात मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या चारून हे तपासलं होतं. प्रयोग निर्दय होता, त्याचं समर्थन होऊ शकत नाही; पण दिसलं ते असं की जेवणाबरोबरच्या साखरेपेक्षा दिवसभर मध्येमध्ये चघळलेली, दाताला चिकटणारी साखर फार वाईट. दर खेपेला दात अर्धा तास तरी आम्लात भिजतो. आमच्याकडे दिवसातून आठ खेपा होत होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालात दुधाचे दात किडलेल्या मुलांचा अंदाज आहे ५१ कोटी. इतकं यश मिळवायचं म्हणजे आपण जगातल्या सगळ्या भाषांत गेलेले दिसता. अभिनंदन. एवढे अनुवाद कुठल्याही मराठी लेखकाच्या नशिबी आले नाहीत.

असो. आमच्याकडचा आपला मुक्काम आता हलवावा ही विनंती. रात्रीचा ब्रश मी स्वतः करून देतो, तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टची वेळ गेली, आता वाटाण्याएवढी. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नागमोडी नाही. 

आपला,
कैक वर्षांचा (माजी) प्रवक्ता

ता. क. काल रात्री घासताना स्टीलच्या टोपीच्या मागे हिरडी फाटून पांढरी कड वर आलेली दिसली. कोणताही दात न पडता आलीय. हीच ती सहाव्या वर्षाची दाढ, आयुष्यभराची. मला हे सगळं पाठ आहे, वर लिहिलंयसुद्धा. तरी टॉर्च धरून वाकलो आणि बायकोला म्हणालो, “अगं, अजून एक दुधाची आली बघ. खोल घासायला नको, रडेल, पडणारच—”

तिने ब्रश माझ्या हातातून काढून घेतला.