समस्त शेवटसांग्यांस अनावृत पत्र

चित्रपट, वेब मालिका व व्हिडिओ गेम यांचे शेवट आगाऊ सांगणाऱ्या समस्त मंडळींस,



आपल्या निरपेक्ष समाजसेवेची चाहतावर्गाने आजवर म्हणावी तशी दखल घेतली नाही, याबद्दल प्रारंभीच दिलगिरी व्यक्त करणे उचित ठरेल. ज्याने एखादी कलाकृती अद्याप पाहिलेली नाही, त्याच्यासमोर तिचे रहस्य किंवा शेवट उघड करणारे विधान, म्हणजे चाहत्यांच्या बोलीत ज्याला ‘स्पॉयलर’ म्हणतात ते, हे आपल्या सेवेचे स्वरूप होय. शुक्रवारी पहाटेचा पहिला खेळ गाठून, डोळ्यांवरची झोप न आवरता कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘तो मरतो’ असे दोनच शब्द टाकायचे आणि खाली हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह जोडायचे, यासाठी जी निष्ठा लागते ती सामान्य प्रेक्षकाच्या ठायी आढळत नाही. सामान्य प्रेक्षक तिकीट काढतो, पाहतो आणि घरी जातो. पाहिलेले पोटात ठेवण्याचा क्षुद्र स्वार्थ आपल्यापाशी नाही.

आपली परंपराही कमी प्रतिष्ठेची नाही. अमेरिकेतील ‘नॅशनल लॅम्पून’ या विनोदी मासिकाच्या एप्रिल १९७१च्या अंकात डग केनी या लेखकाने गाजलेल्या चित्रपटांचे व कादंबऱ्यांचे शेवट ओळीने छापले आणि त्यामुळे वाचकांचा वेळ व पैसा वाचेल असा युक्तिवाद केला. केनी थट्टा करीत होता. आपण तोच युक्तिवाद गांभीर्याने पुढे चालवला, हे आपले स्वतंत्र योगदान मानावे लागेल. पुढे जून १९८२मध्ये ‘स्टार ट्रेक’चा दुसरा चित्रपट आला तेव्हा यूझनेटवर, म्हणजे विद्यापीठांतील संगणकांना जोडणाऱ्या त्या काळच्या चर्चाजाळ्यावर, मजकुराच्या आधी इशारा देण्याची प्रथा दिसू लागली. त्याच सुमारास ‘रॉट थर्टीन’ नावाची एक सोपी सांकेतिक पद्धतही तेथे रुळली. तिच्यात इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक अक्षराच्या जागी त्याच्यापुढील तेरावे अक्षर लिहिले जाते, म्हणजे ‘ए’च्या जागी ‘एन’ आणि ‘बी’च्या जागी ‘ओ’. एकूण अक्षरे २६ असल्याने तीच क्रिया पुन्हा केली की मूळ मजकूर परत मिळतो. ही गुप्तता कोणाही शाळकरी मुलाला भेदता यावी अशीच आहे, कारण तिचा हेतू लपवण्याचा नव्हता. वाचणाऱ्याने शेवट वाचायचा की नाही हे स्वतः ठरवावे आणि ठरवल्यावर एक बटण दाबण्याचे कष्ट घ्यावेत, इतकाच तिचा उद्देश होता. (देवनागरीला काना, मात्रा व जोडाक्षरे असल्याने असा संकेत मराठीत जमवणे जिकिरीचे होते, आणि कदाचित म्हणूनच मराठी चाहत्यांमध्ये आपला व्यवसाय इतका निर्वेध चालला असावा.) आज टेलिग्राम व डिस्कॉर्ड यांसारख्या माध्यमांवर मजकूर पडद्याआड ठेवण्याची सोय आहे, ती आपल्या नजरेस कशी पडली नाही, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

आपल्या विरोधकांचा इतिहास मात्र फारसा निर्मळ नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. आंरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९५५च्या ‘ले दियाबोलिक’ या चित्रपटाच्या शेवटी पडद्यावरच प्रेक्षकांना मौन पाळण्याची विनंती केली. पाच वर्षांनी आल्फ्रेड हिचकॉकने ‘सायको’ प्रदर्शित करताना, चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये असा दंडक चित्रपटगृहांना घातला आणि त्या दंडकाचीच जाहिरात केली. लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२पासून चालू असलेल्या, आणि केवळ करोनाच्या साथीने काही काळ बंद पडलेल्या, अगाथा ख्रिस्तीच्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकात पडदा पडण्यापूर्वी प्रेक्षकांकडून गुप्ततेची हमी मागितली जाते. एप्रिल २०१९मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’च्या दिग्दर्शक रूसो बंधूंनी तर चाहत्यांना उद्देशून असेच एक अनावृत पत्र प्रसिद्ध केले. या सर्वांना कथेच्या पावित्र्याची चिंता होती असे मानण्यास हरकत नाही, परंतु रहस्य जितके दिवस टिकेल तितके दिवस तिकीटखिडकीवर रांग टिकते, ही बाबही त्यांच्या नजरेतून सुटलेली नसावी.

याहून बळकट बचाव आपल्यासाठी शास्त्राने करून ठेवला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील जोनाथन लेविट व निकोलस क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली बारा लघुकथा घेऊन एक प्रयोग प्रसिद्ध केला, आणि ज्या वाचकांना शेवट आधीच सांगितला होता त्यांना कथा एकंदरीत किंचित अधिक आवडल्या, असा निष्कर्ष मांडला. बेंजामिन जॉन्सन व ज्युडिथ रोझेनबाउम यांच्या २०१५च्या अभ्यासात नेमके उलटे आढळले, पण पहिल्याचा हवाला देताना दुसऱ्याचा उल्लेख टाळण्याची जी शिस्त आपण पाळता, ती कोणत्याही वादपटूस शोभेल.

आपला तिसरा बचाव सांस्कृतिक असतो आणि तो सहज उडवून लावता येत नाही. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा जे आख्यान लावतात त्याचा शेवट समोर बसलेल्या आजीला बुवांइतकाच पाठ असतो. सिंधुदुर्ग व गोव्यातील दशावतारात संहिता लिहिलेली नसते आणि संवाद नट जागच्या जागी रचतात, पण असुराचा अंत अटळ आहे हे प्रेक्षकातील लहान मुलालाही ठाऊक असते. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले, तेव्हा लंकेत पुढे काय होणार याविषयी कोणाच्या मनात शंका होती, असे म्हणता येणार नाही. मग शेवट कळल्याने रस जातो हे खूळ आले कोठून, असा आपला सवाल असतो.

या सवालातच आपल्या कार्याची खरी मर्यादा दडलेली आहे, आणि प्रस्तुत पत्राचे प्रयोजनही तेच. कीर्तनातील आजीला शेवट ठाऊक असतो आणि शेजारच्या काकूंनाही असतो. त्या मंडपात अधिक जाणणारा असा कोणी नसतो, म्हणून आख्यान संपल्यावर दोघी बुवांच्या गळ्याविषयी, त्यांच्या विनोदाविषयी बरोबरीच्या नात्याने बोलू शकतात. उलटपक्षी रहस्यकथेच्या मध्यावर असलेले दोन चाहते सारखेच अज्ञानी असतात आणि त्या अज्ञानाच्या बळावरच तर्क लढवतात. सगळ्यांना सगळे ठाऊक असले तर गप्पा रंगतात, आणि कोणालाच काही ठाऊक नसले तर त्याहून रंगतात. एकालाच ठाऊक असले आणि ते त्याच्या पोटात राहत नसले, तर मात्र गप्पांचे निवेदन होते. आपण कथा बिघडवता हा आरोप म्हणूनच मागे घेण्यात येत आहे. कथेला आपल्यामुळे फारसे काही होत नाही. बिघडते ते चाहत्यांचे बोलणे.

त्या बोलण्याची किंमत किती, याचे एक ठळक उदाहरण अमेरिकन मालिकांच्या इतिहासात आहे. ‘डॅलस’ या मालिकेत मार्च १९८०मध्ये जे. आर. युइंग या तेलसम्राटावर कोणीतरी गोळी झाडली आणि हंगाम संपला. कलाकारांच्या संपामुळे पुढचा हंगाम लांबला आणि गोळी कोणी झाडली याचे उत्तर थेट २१ नोव्हेंबरला मिळाले. मधल्या आठ महिन्यांत ब्रिटनमध्ये संशयितांवर पैजा लागल्या, आणि खुद्द कलाकारांनाही खरे कळू नये म्हणून वेगवेगळ्या पात्रांनी गोळी झाडल्याची दृश्ये चित्रित करून ठेवण्यात आली. उत्तराचा भाग आठ कोटींहून अधिक अमेरिकनांनी पाहिला. भारतात याच तोडीचा काळ १० जुलै २०१५ रोजी ‘बाहुबली’चा पहिला भाग प्रदर्शित झाल्यावर सुरू झाला आणि २८ एप्रिल २०१७ रोजी संपला. पावणेदोन वर्षांहून अधिक काळ कटप्पाने बाहुबलीला का मारले, या एका प्रश्नावर लोकलच्या डब्यात, कॉलेजच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत तर्क चालले. गंभीर उत्तरांपेक्षा चावट उत्तरे अधिक निघाली, आणि ज्यांनी चित्रपट पाहिलाच नव्हता तेही त्यात हिरिरीने उतरले. खरे उत्तर कळले त्या आठवड्यात तो विषय संपला. उत्तर समाधानकारक होते की नाही हा भाग वेगळा, पण ते फेकून देऊन त्या पावणेदोन वर्षांच्या गप्पा ठेवून घ्याव्यात की काय, असा प्रश्न कोणा सुज्ञ चाहत्याला पडला असल्यास त्यात नवल नाही.

येथे आपल्याला एका तगड्या प्रतिस्पर्ध्याची जाणीव करून देणे भाग आहे. १ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेरा भाग एकाच दिवशी उपलब्ध करून दिले आणि दोन भागांमधला आठवडाच काढून टाकला. ६ जुलै २०१८ रोजी ‘सेक्रेड गेम्स’चे आठ भाग तसेच एका रात्रीत आले. पहिल्याच भागात गुंड गणेश गायतोंडे पोलीस अधिकारी सरताज सिंगला शहर वाचवण्यासाठी २५ दिवसांची मुदत देतो. हीच मालिका आठवड्याला एका भागाने आली असती तर प्रेक्षकांना तर्क लढवायला दोन महिने मिळाले असते. प्रत्यक्षात शनिवारी दुपारपर्यंत एक जण आठव्या भागावर, दुसरा तिसऱ्यावर आणि तिसरा अद्याप पासवर्ड मागत असलेला, अशी स्थिती झाली आणि ‘कुठवर आलास?’ यापलीकडे तिघांत बोलण्यासारखे काही उरले नाही. जे काम आपण एकेकट्याने, रात्रीची झोप मोडून, शिव्या खाऊन करता, तेच या कंपन्यांनी वेळापत्रकाच्या साध्या बदलाने घाऊक प्रमाणात केले आणि त्यासाठी मासिक वर्गणीही वसूल केली. त्यावर कडी म्हणजे यूट्यूब. तेथे न मागता समोर येणाऱ्या चित्रफितीच्या मुखचित्रावरच मृत पात्राचा चेहरा, लाल बाण आणि ‘शेवटाचा अर्थ’ हे शब्द असतात. या यंत्रणेपुढे आपला हस्तव्यवसाय किती दिवस टिकेल, याची खरोखर काळजी वाटते.

गेमच्या क्षेत्रात आपले कार्य अधिक नाजूक ठरते, कारण तेथे घटना प्रेक्षकासमोर घडत नाही, तर खेळाडूने बटण दाबल्यामुळे घडते. ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग १९ जून २०२० रोजी विक्रीस यायचा होता आणि एप्रिलच्या अखेरीसच त्यातील कळीचे प्रसंग फुटले; पेपरफुटीची सवय असलेल्या महाराष्ट्राला त्यातली व्यथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ज्यांनी ते प्रसंग वाचले त्यांच्यापैकी कित्येकांनी गेम हातात येण्यापूर्वीच त्याच्याविषयी कडवट मत बनवले आणि त्याच मतावर पुढे महिनोन्‌महिने भांडणे झाली.

याउलट, माहिती असूनही ती कशी द्यावी याचा एक नमुना जपानी दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांच्या ‘डेमन्स सोल्स’ या २००९च्या गेममध्ये सापडतो. हा गेम खेळाडूला पावलोपावली मारतो. परंतु त्यात खेळाडूला जमिनीवर एक छोटा संदेश लिहून ठेवता येत असे, आणि तो दुसऱ्या कोणा अनोळखी खेळाडूला त्याच्या खेळात त्याच जागी दिसे. मनात येईल ते लिहिता येत नसे; ठरावीक शब्दसमूहांतून निवड करावी लागे, त्यामुळे पुढे सापळा आहे किंवा येथे खजिना आहे एवढेच सांगता येई, कथा सांगता येत नसे. संदेश उपयोगी वाटून वाचणाऱ्याने त्याला पसंती दिली, तर लिहिणाऱ्या खेळाडूची खालावलेली शक्ती, तो त्या वेळी जिथे कुठे लढत असेल तिथे, भरून निघे. काही महाभाग कड्याच्या टोकावर उडी मारण्याचा सल्लाही लिहून ठेवत; पण तोही चाहत्यांच्या थट्टेचाच भाग असून, फसलेला खेळाडू परत येऊन त्यालाच पसंती देई. पुढे गेलेल्याने मागून येणाऱ्याला वाट दाखवायची, प्रसंगी खड्ड्यातही पाडायचे, पण त्याच्या वतीने खेळून टाकायचे नाही, हा अलिखित नियम तेथे यंत्रणेनेच पाळून घेतला होता.

आपल्यावर अशी यंत्रणा लादण्याचा चाहतावर्गाचा मुळीच विचार नाही. जुन्या कलाकृतींबाबत तर आपल्याला पूर्ण मोकळीक द्यावी असे सर्वांचे मत पडले. डार्थ व्हेडरचे रहस्य १९८०पासून बाहेर आहे आणि ते अजून ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी साऱ्या जगाने मौन पाळावे, अशी अपेक्षा रास्त नव्हे. नव्या कलाकृतींबाबत मात्र एक अल्पशी विनंती आहे. शेवट सांगण्यापूर्वी समोरच्याने कितवा भाग पाहिला, हे एकदा विचारावे. तो तिसऱ्यावर असेल तर पहिल्या तीन भागांविषयी मनसोक्त बोलावे, त्याचा तर्क काय आहे हे ऐकून घ्यावे, आणि तो तर्क साफ चुकीचा असला तरी चेहरा सरळ ठेवावा. हे साधल्यास, पुढच्या शुक्रवारी पहाटेच्या खेळाचे आपले तिकीट काढण्याची जबाबदारी चाहतावर्ग आनंदाने स्वीकारील. मात्र खेळ सुटल्यावर चित्रपटगृहातून बाहेर पडण्यापूर्वी मोबाइल बंद करून खिशात ठेवावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
अद्याप तिसऱ्या भागावर असलेला चाहतावर्ग