लॉनमध्ये हरणं सोडणाऱ्या साहेबांस

रा. रा. लॉनवाले साहेब यांस,
नाचणगावहून स. न. वि. वि.

आमच्या घरापुढे तुम्ही करून दिलेलं लॉन फार देखणं आहे. फोटोत तर विशेषच. तो फोटो तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवता असं कळलं, आनंद झाला. त्यात गवत दोन बोटं उंच आहे, म्हणजे तो पावसाआधीचा. आता ऑगस्ट चालू आहे आणि तुमच्या चार सिमेंटच्या हरणांपैकी तिघांची फक्त शिंगं दिसतात. चौथं पाडस होतं, त्याचा शोध सुरू आहे.

मोकळी जागा वाया जाऊ नये ही तुमची तळमळ वाखाणण्यासारखी. हरणं झाली, मग दोन बगळे. मग जमिनीतून उगवलेले दिवे, फवाऱ्यांची तोंडं, झोपाळ्याचे खांब, फाटकापासून ओसरीपर्यंत नागमोडी पायदगड आणि तेही चांगले चार बोटं वर उचललेले. उरल्या जागेत, बरोब्बर मधोमध, संत्र्याची दोन रोपं. हे सगळं कापायचं कशानं, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, ‘मशीन मिळते ना.’ कोणती ते सांगायचं राहून गेलं. तुम्ही कामाच्या घाईत असाल. म्हणून मीच चौकशी केली, ती आपल्या माहितीसाठी.

हाताने ढकलायचं यंत्र एडविन बडिंग या इंग्रजाने 1830 साली काढलं. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरायचं यंत्र बघून त्याला ते सुचलं. पुलगावच्या गिरणीच्या शेजारात वाढलेल्या माणसाला हे वाचून आपुलकी वाटणारच. शिवाय वीज नाही, पेट्रोल नाही. आपल्या जिल्ह्याच्या वळणाला साजेसं, वर्ध्याच्या ग्रामोद्योगांच्या मगन संग्रहालयात शोभेल असं. पण त्याला हवी सपाट जमीन, सरळ धाव आणि वेळच्या वेळी कापलेलं बुटकं गवत. उंच गवत ते कापत नाही, नुसतं लोळवतं. पात्यांच्या दोन्ही अंगांना चाकं असल्यामुळे खांबाला अगदी खेटून नेलं तरी कडेची पट्टी तशीच राहते. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाकं रुततात ते निराळंच.

मग विजेवरची. तिची वायर पहिल्या फेरीत बगळ्याला, दुसऱ्या फेरीत झोपाळ्याला वेढा घालते, आणि तिसऱ्या फेरीत आपण पात्यापेक्षा वायरीकडेच जास्त बघत असतो. ओल्या गवतात हा खेळ कुणी करू नये. बॅटरीची मशीन त्या मानाने शहाणी, पण तुमच्या उचललेल्या पायदगडावर पातं आदळलं की तिचंही शहाणपण संपतं. परदेशात आपोआप फिरणाऱ्या मशीनही आहेत म्हणे. आमच्याकडे त्यांची सगळी हयात हरणांना ढुशा देण्यात जाईल.

राहिली दोरीची, म्हणजे फिरत्या दोरीने गवत छाटणारी, पाठीला किंवा खांद्याला अडकवायची. ही अडथळ्यांसाठीच जन्मली. अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांनी 1971 साली, गाड्या धुणारे फिरते ब्रश पाहून, झाडांच्या बुंध्यांभोवतीचं गवत काढायला ती शोधली. हरणांच्या चारी पायांमधून ती सुरेख फिरते. मात्र संत्र्याच्या कोवळ्या बुंध्याला दोरी गोल लागली की साल सोलली जाते, आणि साल चहूबाजूंनी गेली की रोप वाळतं. फवाऱ्याची तोंडंही ती सोडत नाही. अख्खं लॉन तिनेच केलं तर कुठे टक्कल, कुठे झुलपं. पण त्यात तुमच्या कलाकृती निदान उठून दिसतील.

शेवटी विळाच आठवला. निंदणाला जाणाऱ्या एक बाई बघायला आल्या. उकिडवं बसून दोन हात सरकल्या आणि म्हणाल्या, “काकाजी, हे हरीण इथं काहून उभं केलं? बसून कापाचं म्हटलं तं याचे शिंगं पदरात अडकते.” मग गवताची एक काडी उपटून त्यांनी नीट निरखली आणि ही तर हराळी, असं जाहीर केलं. खरंच आहे. तुम्ही ज्याला बर्म्युडा म्हणता ती हराळीच. जी बापजाद्यांनी वावरातून मुळासकट खणून धुऱ्यावर फेकली, ती तुम्ही चौरस फुटाच्या भावाने आम्हाला विकलीत. या व्यापाराला मी मनापासून दाद देतो. (शेजारची बकरीही एकदा येऊन गेली. अडथळ्यांमधून वाट काढण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तिने आधी गुलाब संपवले.)

एवढं झाल्यावर ध्यानात आलं की मशीन कोणती घ्यावी हे दुकानदार ठरवत नाही, तुम्ही ठरवून गेला आहात. पायदगड मातीच्या पातळीला बसवले असते तर पातं वरून निघून गेलं असतं. कुंपणाच्या कडेने वीतभर फरशी गवताच्या पातळीला टाकली असती तर मशीनचं एक चाक तिच्यावर चाललं असतं आणि कड आपोआप साफ झाली असती. रोपांना गोल आळं करून वर पालापाचोळा घातला असता तर तिथे गवतच नाही, मग दोरीही नाही आणि सालीची भीतीही नाही. हरणं, बगळे, दिवे एका कोपऱ्यात एकत्र ठेवले असते तर कळपालाही बरं वाटलं असतं. मग साधी, लहान, बॅटरीची मशीन पुरली असती. पावसाळ्यात आठवड्याला एक हात, एका वेळी उंचीचा तिसरा भागच कापायचा. दोरी फक्त झोपाळ्याच्या खांबांपुरती. यात अवघड काय होतं? तुम्हाला नकाशा काढताना एकदा, फक्त एकदा, कापणाऱ्या माणसाची आठवण यायला हवी होती.

तेव्हा येत्या रविवारी टेम्पो, पहार आणि दोन गडी घेऊन यावं. कळप कोपऱ्यात हलवायचा आहे, दगड खाली घ्यायचे आहेत, आळी करायची आहेत. पैसे मागत नाही. पण काम सुरू करण्याआधी, आहे त्या लॉनमध्ये, आहे त्या हरणांमधून, पहिली कापणी तुमच्याच हातून व्हावी अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे. दोरीची मशीन भाड्याने सांगून ठेवली आहे. जाड पँट, बूट आणि डोळ्यांना चष्मा घालून या. खडे फार उडतात.

आपला,
एक समाधानी गिऱ्हाईक