दिवाणखान्यात नदी कशी ओतावी

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील होतकरू कारागिरांसाठी मार्गदर्शिका

नदी-टेबल म्हणजे काय, हे आता ठाण्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. खोड उभे चिरून काढलेल्या दोन फळ्या, कडा न तासता झाडावर होत्या तशाच वेड्यावाकड्या ठेवलेल्या. त्या समोरासमोर मांडायच्या आणि मधल्या फटीत निळे पारदर्शक रेझिन ओतायचे. ते घट्ट झाले की दोन काठ आणि मधून नदी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ग्रेग क्लासन नावाच्या कारागिराने फळ्यांच्या मध्ये निळी काच कापून बसवली आणि अशी टेबले नावारूपाला आणली. पुढे काचेच्या जागी इपॉक्सी रेझिन आले आणि इन्स्टाग्रामने ती नदी थेट कासारवडवलीपर्यंत आणून सोडली.

ज्याच्याकडे भिवंडीच्या वाटेवर पत्र्याची एक शेड, थोडे भांडवल आणि पुष्कळ सहनशक्ती आहे, त्याने हा धंदा अवश्य करावा. कृती खाली दिली आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नये. ॲडव्हान्सला पायरी दिलेली नाही, कारण तो पहिल्या पायरीच्याही आधी घ्यायचा असतो.

पायरी पहिली : ग्राहक पारखणे

घोडबंदर रोडचा ग्राहक फोटो घेऊन येतो. फोटो परदेशातल्या एखाद्या लाकडी बंगल्यातला असतो. बाहेर बर्फ, आत अक्रोडाचे बारा फुटी टेबल, शेजारी झोपलेला केसाळ कुत्रा. ‘सेम असंच हवं,’ असे तो म्हणतो. आपली जेवणाची जागा नऊ बाय आठ असून त्यातच फ्रिज आहे, हे तो ॲडव्हान्स दिल्यावर सांगतो. कुत्र्याबद्दल आपण होऊन विचारू नये.

डोंबिवलीचा ग्राहक फोटो आणत नाही, शंका आणतो. निवृत्त बँक अधिकारी असतील तर वहीत लिहून आणतात. ‘इपॉक्सी म्हणजे आपलं अरल्डाइटच ना?’ ही पहिली शंका. उत्तर ‘हो काका’ असे द्यावे, कारण जात तीच आहे : एक भाग रेझिन, एक भाग हार्डनर, दोन्ही कालवले की कायमचे घट्ट. ‘मग त्याला एवढे पैसे कसले?’ ही दुसरी शंका. इथे चहा मागवावा.

कल्याणचा ग्राहक सरळ भाव विचारतो आणि आकडा ऐकून शांतपणे म्हणतो, ‘उल्हासनगरला अर्ध्यात मिळतं.’ वाद घालू नये. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात टेबल अर्ध्यात मिळते हे खरेच आहे. आपण टेबल विकत नसून नदी विकत आहोत, असे म्हणून पाहावे. तो उठलाच, तर निदान खुर्च्यांची ऑर्डर पदरात पाडून घ्यावी.

पायरी दुसरी : लाकूड निवडणे

आंबा स्वस्त आणि रेषा देखणी, पण नीट वाळवला नाही तर भुंगा लागतो आणि वर्षभराने टेबलाखाली पिठाची बारीक रांगोळी पडते. बाभूळ टणक आणि जड. साग टिकाऊ, मात्र तेलकट. ॲसिटोनने पुसल्याशिवाय रेझिन त्याला धरत नाही, आणि वाहतुकीचे कागद नसले तर वनखात्याचा माणूस तुम्हाला धरतो. वर्षावृक्षाच्या फळ्या रुंद मिळतात. पावसाळ्यात रस्त्याकडेला असे एखादे झाड आडवे झालेले दिसले, तरी करवत घेऊन धावू नये. शहरातल्या झाडांसाठी 1975चा कायदा आहे आणि पालिकेचे वृक्ष प्राधिकरणही आहे; शिवाय ठेकेदार तुमच्या आधी पोचलेला असतो.

भावनिक लाकूड हा वेगळा प्रकार आहे. ग्राहक राजापूरहून फणसाची फळी घेऊन येतो. फळी आजोबांनी लावलेल्या झाडाची असते. तिला वाळवी लागलेली असते, एका टोकाला खिळे असतात आणि मधोमध कोणीतरी नाव कोरलेले असते. ‘हे सगळं राहू दे, फक्त टेबल दिसायला नवीन हवं,’ अशी सूचना मिळते. अशा वेळी रेझिनचा फार आधार वाटतो. वाळवीची भोके, भेगा, खिळे, आजोबा, सगळे त्यात नीट बसते.

लाकूड कोणतेही असो, ते वाळलेले हवे. उघड्यावर सावलीत वाळवायचे तर इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. ओल मोजायचे यंत्र मिळते. त्यावर 8 ते 12 टक्के दिसेपर्यंत ओतू नये. ग्राहकाची वास्तुशांत मात्र पुढच्या गुरुवारी असते. त्याला इतिहास सांगावा. कल्याण-भिवंडी 1657 साली स्वराज्यात आली आणि इथल्याच खाडीवर शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजे बांधायला घेतली गेली. त्या सुतारांच्या पाठीशी सिद्दीचा धोका होता, पण इंटिरिअर डिझायनर नव्हता. इतिहासाने काम झाले नाही तर भूगोल सांगावा : पत्रीपूल 2018 साली पाडला आणि नवा 2021च्या जानेवारीत खुला झाला. मधला सगळा काळ जो कल्याणकर गाडीत बसून मुकाट्याने थांबला, तोच टेबलासाठी चार दिवस जास्त मागितले की आवाज चढवतो.

पायरी तिसरी : नदीचा रंग आणि दिशा

कॅटलॉगमध्ये समुद्रनिळा, पाचूहिरवा, दुधी, काळा असे रंग असतात. डोंबिवलीकरांना कॅटलॉग दाखवण्याचे कारण नाही. त्यांनी 2014च्या जानेवारीत हिरवा पाऊस पाहिला आहे आणि 2020च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला गुलाबी रस्ताही. रंगांची एवढी जाण असलेला ग्राहक अख्ख्या महाराष्ट्रात नसेल. तरीही तो निळाच मागतो.

यामागचे कारण कारागिराने समजून घ्यावे. अंबरनाथ आणि उल्हासनगरातून कल्याणला येणाऱ्या वालधुनीचा रंग त्या दिवशी वर कोणी काय सोडले यावर ठरतो. ज्या उल्हास नदीचे पाणी कल्याण-डोंबिवली पिते, तिच्यावर दरवर्षी जलपर्णीची सतरंजी पसरते. पुलावरून जाताना ग्राहक नाकाला रुमाल लावतो, गाडीची काच वर करतो आणि आपल्या शेडमध्ये उतरून म्हणतो, ‘आम्हाला ना, निसर्गाच्या जवळचं काहीतरी हवं.’ त्याला ज्या नदीजवळ बसून जेवायचे आहे, ती वास न मारणारी, डास न करणारी, पूर न आणणारी आणि ओल्या फडक्याने पुसता येणारी असावी लागते. अशी नदी फक्त तुम्ही देऊ शकता. दर त्याप्रमाणे लावावा.

दिशेचा प्रश्न वहिनी काढतात. पाणी ईशान्येला असावे, असे वास्तुवाल्यांनी सांगितलेले असते. घट्ट झालेले रेझिन कोणत्याच दिशेला वाहत नाही, हा शास्त्रीय मुद्दा काढू नये. टेबल फिरवता येते, एवढेच नम्रपणे सांगावे.

पायरी चौथी : हिशेब आणि ओतणे

लांबी 180 सेंटिमीटर, नदीची सरासरी रुंदी 25, जाडी 4. गुणाकार 18,000 घन सेंटिमीटर, म्हणजे 18 लिटर. हा हिशेब ग्राहकासमोर कागदावर करावा. आपण लाकडाचे टेबल घेत नसून वीसेक किलो प्लास्टिक घेत आहोत, हे त्याला इथे प्रथमच कळते. त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता पुढे जावे. वर दहा टक्के जास्त धरावे, कारण काही लाकूड पिते आणि काही गळते. साच्याच्या कोपऱ्याला टेप कितीही चोपून लावा, नदी रात्री वाट शोधते आणि सकाळी तुमची चप्पल जमिनीला कायमची चिकटलेली असते.

रेझिन आणि हार्डनरचे प्रमाण डब्यावर छापलेले असते : कुठे दोनास एक, कुठे तीनास एक, कुठे मापाने, कुठे वजनाने. अंदाजपंचे घालू नये. आमटीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते, इथे हार्डनर कमी पडला तर टेबल जन्मभर चिकट राहते. आदल्या दिवशी फळ्यांच्या कडांना रेझिनचा पातळ हात द्यावा. नाहीतर लाकडाच्या छिद्रांतली हवा रात्रभर वर येत राहते आणि सकाळी नदीऐवजी सोडा वॉटर दिसते.

कालवलेले रेझिन बादलीत ठेवून फोन घेऊ नये. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता, शेडचा पत्रा तापलेला असताना, हा प्रयोग अनायासे होतो. दोन्ही भाग एकत्र आले की उष्णता तयार होते. पसरून ओतले तर ती निघून जाते. बादलीत ढीग असला तर आतच कोंडते, कोंडलेल्या उष्णतेने क्रियेचा वेग वाढतो आणि वाढलेल्या वेगाने आणखी उष्णता. आधी बादलीची बाजू हाताला कोमट लागते. मग हात लावता येत नाही. वरच्या थराला बारीक सुरकुती पडते, कडेने पिवळा रंग चढतो, धूर निघतो आणि बादली एका अंगाने खाली बसते. शेजारच्या गाळ्यातला माणूस ‘काय जळतंय?’ म्हणत धावत येतो. त्याला ‘नदी’ असे सांगावे.

पावसाळ्यात शक्यतो ओतूच नये. हवेतल्या दमटपणाने हार्डनर बिघडतो आणि पृष्ठभागावर तुपकट पांढुरका थर येतो. तो धुऊन, घासून काढावा लागतो. ग्राहकाने तो आधी पाहिलाच, तर ‘धुकं आहे, जास्तीचे पैसे घेतले नाहीत,’ असे म्हणावे.

पायरी पाचवी : घासणे

या पायरीचे व्हिडिओ कोणी पाहत नाही, म्हणून ती ग्राहकाला माहीत नसते. 80 नंबरच्या पेपरपासून सुरुवात करून 120, 220, 400 असे करत 3000पर्यंत जायचे. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे काढायचे. एखादा नंबर गाळला तर तो ओरखडा पॉलिश झाल्यावरच दिसतो, आणि तोही ग्राहकाच्या सासऱ्यांना. भुसा आणि रेझिनची पूड छातीत जाते, तेव्हा मिस्त्रीला चांगला मास्क आणि हातमोजे द्यावेत. ही एक सूचना गंभीरपणे घ्यावी.

पायरी सहावी : लिफ्ट

टेबल किती फुटी करायचे हे ग्राहक ठरवत नाही, डिझायनरही ठरवत नाही, लिफ्ट ठरवते. माप घ्यायला जाल तेव्हा घराआधी लिफ्ट मोजावी, आणि ती आडवी, उभी, तिरकी अशी तिन्ही प्रकारे मोजावी. सोसायटीत सामान चढवण्याची वेळ अकरा ते एक असते. तुमचा छोटा हत्ती शिळफाट्यावरून सुटून फाटकाशी पोचतो तेव्हा एक वाजून पाच मिनिटे झालेली असतात. वॉचमन म्हणतो, सेक्रेटरींना विचारा. सेक्रेटरी झोपलेले असतात. पायांसकट साठ-सत्तर किलोची नदी जिन्याने चौदा मजले वर न्यायची, तर हमालांचा भाव ऐकून उल्हासनगरवाला का परवडतो, याचा उलगडा तुम्हालाही होतो.

पायरी सातवी : तक्रार निवारण

पहिली तक्रार दोन महिन्यांत येते. शेडमध्ये फळीत 16 टक्के ओल होती आणि घरात बारा महिने एसी. फूटभर रुंदीची फळी सुकताना तीन-चार मिलिमीटर तरी आत येते. रेझिन जागचे हलत नाही. मग सांध्याला चीर पडते किंवा टेबल कडेने उचलले जाते आणि वाटीतली आमटी एका बाजूला सरकते. ग्राहक संतापून म्हणतो, ‘लाकूड हलतंय!’ त्याला निसर्गाच्या जवळचे काहीतरी हवे होते, याची आठवण द्यायचा मोह होईल. आवरावा. दुरुस्ती मोफत करून द्यावी आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी ओल मोजायचे यंत्र कपाटातून बाहेर काढावे.

दुसरी तक्रार गोल असते. घरगुती दर्जाचे रेझिन पन्नास-साठ अंशांना मऊ पडते, आणि आपल्याकडे चहाचे पातेले गॅसवरून थेट टेबलावर येते. ‘आम्ही काहीच ठेवलं नव्हतं,’ असे ग्राहक सांगतो. कुकरच्या बुडाचा ठसा, कंपनीच्या नावासह, समोर असतो. बोट दाखवू नये.

तिसरी तक्रार बाल्कनीकडून येते. उन्हाने रेझिन पिवळे पडते, निळ्यात पिवळे मिसळते आणि वर्ष-दीड वर्षात नदी हिरवी होते. कल्याणच्या ग्राहकाला सांगावे की नदी आता अगदी आपल्या उल्हाससारखी दिसू लागली. तो हसला तर बिल चुकते झाले असे समजावे.

पायरी आठवी : देखभाल

वरील सर्व पार पडल्यावर आठवड्याभराने सदिच्छा भेट द्यावी. आजोबांचा फणस, आरशासारखे पॉलिश आणि 18 लिटरची निळी नदी यांवर जाड पारदर्शक प्लास्टिकचे कव्हर घातलेले आढळेल. कडेला सोनेरी लेस, वर वर्तमानपत्र, त्यावर जेवणाची ताटे. ‘एवढं महागाचं आहे, डाग पडायला नकोत,’ असे वहिनी सांगतील. वाईट वाटून घेऊ नये. असे कव्हर आपणच मापानुसार कापून विकावे. त्यात रेझिनपेक्षा नफा जास्त, ओलीची भानगड नाही, ते पिशवीत गुंडाळून कुठल्याही लिफ्टमधून जाते, आणि पिवळे पडले तर ग्राहक तक्रार न करता नवीन घेऊन जातो.