झाडे? ती तर फुकटात दिसतात!

भायखळ्याची राणीबाग 1862 साली सुरू झाली ती वनस्पती उद्यान म्हणून. प्राणी नंतर आले. आज हे कुणाला सांगितले तर तो आधी विचारतो, "पेंग्विन कुठे आहेत?" पेंग्विनही मोठे मानाचे पाहुणे. 2016 साली मुंबईला आले, जातीचे हम्बोल्ट, मूळ गाव पेरू-चिलीचा किनारा. त्यांना एसी, काच आणि समोर सेल्फीची झुंबड. बाहेर घामाघूम उभ्या उर्वशीला मात्र कुणी हिंग लावून विचारत नाही. तीही परदेशीच, ब्रह्मदेशातली. लालबुंद फुलांचे घोस झुंबरासारखे लोंबत असतात आणि त्याखाली बसून कुटुंब वेफर्सचे पाकीट फोडते. पलीकडे कैलासपतीच्या खोडालाच फुले आणि तोफगोळ्यांएवढी फळे लगडलेली. "अगं बाई, झाडाला काहीतरी झालंय!" असे म्हणून आई मुलांना पुढे ओढते. आफ्रिकेतल्या गोरखचिंचेचा आडवातिडवा बुंधा मात्र लोकप्रिय आहे. त्यावर बदामात बाण मारून नावे कोरायला ऐसपैस जागा मिळते.

झाडांची चूक एवढीच की ती पोहत नाहीत, डुलत चालत नाहीत आणि मासे खात नाहीत. दीडशेहून अधिक वर्षे एका जागी उभे राहून सावली देणे हा काही पाहण्यासारखा कार्यक्रम नव्हे.

तरीही जमल्यास पेंग्विनच्या रांगेतून एकदा मान वर करून बघा. त्याला वेगळे तिकीट पडत नाही.